एररमधला ओळ क्रमांक आणि प्रत्यक्ष चूक यांच्यातील अंतर

1964 साली डार्टमथ कॉलेजात बेसिक भाषा तयार झाली, तेव्हा ओळ क्रमांक प्रोग्रामर स्वतः लिहीत असे आणि तो प्रोग्रामचाच भाग असे. एररमधल्या क्रमांकाने होणारी दिशाभूल मात्र तिथेही होती. 1980 च्या दशकात कमोडोर 64 या घरगुती संगणकावर मासिकातला प्रोग्राम टाइप करताना डेटाच्या ओळीत 169 ऐवजी 1169 पडले, तर ‘इल्लीगल क्वांटिटी एरर’मध्ये (अमान्य आकड्याच्या एररमध्ये) क्रमांक येई तो मेमरीत आकडा ठेवणाऱ्या पोक आज्ञेच्या ओळीचा, कारण तो आकडा वापरला जाई तिथे.

कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, मजकूर क्रमाने वाचतो आणि ज्या शब्दापुढे विधान जुळणे अशक्य होते, तिथे अडतो. सी भाषेत 12 व्या ओळीच्या शेवटी विधान संपवणारा सेमीकोलन (;) लिहायचा राहिला, तरी विधान 13 व्या ओळीवर चालू राहणे नियमाला धरूनच असते. म्हणून अनेक कंपायलर 13 व्या ओळीवर बोट ठेवत. यंत्राच्या बाजूने पाहिले तर हे उत्तर बरोबरच आहे. नवशिक्याला ते पटवणे कठीण. पुढे प्रोग्रामच प्रोग्राम लिहू लागले. 1970 च्या दशकात बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी केलेले याक हे साधन प्रोग्रामिंग भाषेच्या व्याकरणाच्या फाइलवरून सीचा कोड तयार करी, आणि मूळ फाइलचा क्रमांक हरवू नये म्हणून त्यात ‘लाइन’ सूचना पेरून ठेवी. एका ओळीत कोंबलेल्या जावास्क्रिप्टसाठी आलेले सोर्स मॅप (मूळ कोडातली जागा सांगणारे नकाशे) हा त्याच युक्तीचा नवा अवतार म्हणता येईल.

पायथन या भाषेची कथा अधिक बोलकी आहे. बाइटकोडसोबतच्या (प्रोग्रामच्या रूपांतरित सूचनांसोबतच्या) तक्त्यात ओळ क्रमांक फक्त वाढू शकत असे. मागच्या ओळीकडे वळण्याची सोय 2016 च्या 3.6 आवृत्तीत आली. क्रमांक मागे वळत नसल्यामुळे चार ओळींवर पसरलेल्या फंक्शन कॉलमध्ये बिघाड झाला, की ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणारा अहवाल) कॉलची पहिली ओळ सोडून शेवटच्या आर्ग्युमेंटची (फंक्शनला दिलेल्या मूल्याची) ओळ दाखवी. कंस बंद करायचा राहिला, तर खालची निर्दोष ओळ ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ ठरे. 3.9 मध्ये पार्सर (व्याकरण तपासणारा भाग) बदलला आणि 2021 च्या 3.10 मध्ये कोणता कंस उघडाच राहिला हे थेट सांगितले जाऊ लागले. 3.11 पासून ट्रेसबॅकमध्ये ओळीतला नेमका भागही अधोरेखित होतो; मात्र त्यासाठी प्रत्येक सूचनेमागे स्तंभांची नोंद ठेवावी लागत असल्याने फाइली आणि मेमरीचा वापर वाढतो, म्हणून ही नोंद बंद करण्याचा पर्यायही दिलेला आहे.