नागपूर परिसरातील रानअळिंबी : शोध आणि छायाचित्रण

नागपूरभोवतीच्या सागाच्या पानझडी रानात उगवणारी खाद्य अळिंबी शोधणे, ओळखणे आणि छायाचित्रांतून तिची नोंद ठेवणे, हा या लेखाचा विषय. थंड देशांत अळिंबीचा बहर शरदात येतो. इथे तो पावसाच्या मागे चालतो आणि परतीच्या पावसानंतर, आश्विनात, ओसरतो. पुढे मुख्यतः पडलेल्या लाकडावरच्या चिवट जाती दिसतात.

पूर्व विदर्भात सर्वांत मान सात्यांना. ही टर्मिटोमायसिस प्रजातीची, वाळवीच्या वारुळाशी जोडलेली अळिंबी. वाळवी पालापाचोळा खाऊन आपल्या विष्ठेतून वारुळात स्पंजासारखे थर रचते. त्या थरांवर बुरशी वाढते, कठीण काष्ठद्रव्य फोडते आणि तीच वाळवीचे अन्न होते. भरपूर ओल मिळाली की बुरशी जमिनीवर छत्र्या काढते. हा सहवास शेतीसाठी कृत्रिमरीत्या जमवता आलेला नाही, म्हणून धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीसारखी सात्यांची शेती होत नाही. सात्या रानातूनच येतात.

सात्याचा दांडा जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत थेट वारुळापर्यंत जातो. छत्रीच्या मधोमध टणक टोक असते, माती फोडून वर येण्यासाठी. ताज्या छत्रीच्या टोकावर बरेचदा ओली माती चिकटलेली दिसते. खालचे पापुद्रे दांड्याला टेकत नाहीत.

तरीही एका खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात बागांच्या हिरवळीवर येणारी क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स कोवळेपणी पांढरीशुभ्र आणि देखणी असते, पण ती खाल्ल्यास जोरदार उलट्या-जुलाब होतात. अमॅनिटा या प्रजातीत काही जीवघेण्या विषारी जाती आहेत; तिच्या बुंध्याशी पिशवी असते आणि पुष्कळदा दांड्यावर कडेही असते. छत्री वरच्यावर खुडली तर ही पिशवी मातीतच राहते. बीजाणूंचा ठसा घेणे उपयोगी पडते : छत्री कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकावी. सकाळी सात्याचा ठसा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट, अमॅनिटाचा पांढरा उमटतो. शिजवताना लसूण काळा पडला नाही किंवा किड्यांनी खाल्ली म्हणजे अळिंबी चांगली, हे समज निव्वळ खोटे आहेत.

छायाचित्र वरून एकच काढले तर ओळखीला फारसे कामी येत नाही, आणि बहुतेक जण नेमके तेच काढतात. कॅमेरा जमिनीलगत आणून बाजूने, मग पापुद्र्यांचा, उकरलेल्या बुंध्याचा, आणि भोवतालच्या वारुळाचा किंवा झाडाचा असे वेगवेगळे फोटो घ्यावेत. मापासाठी शेजारी नाणे ठेवावे. फ्लॅशने पांढऱ्या छत्रीचे तपशील हरवतात. सकाळच्या मंद उजेडात पांढरा कागद धरून सावलीतला भाग उजळवणे बरे. पेंच व्याघ्र प्रकल्प किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात खुडण्या-उकरण्याचा विचारही करू नये. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. जागेवरच, न उपटता फोटो घ्यावेत.

फोटोवरून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर काहीही खाऊ नये. वर्षानुवर्षे सात्या गोळा करणाऱ्या जाणत्या माणसाने छत्री हातात घेऊन पारखलेली असावी. विषारी अमॅनिटाचे विष शिजवून वा वाळवून जात नाही. त्रास सहसा सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. मध्ये बरे वाटते, तोवर यकृत निकामी होत असते. शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि उरलेली अळिंबी, भाजी व रानातले फोटो डॉक्टरांना दाखवावेत.