युरियाची गोणी आणि वाहून जाणारी माती : पार्श्वभूमी

"रासायनिक खतानं जमीन मेली" असं हल्ली कुणीही म्हणतं, पण त्यात तीन गोष्टींची खिचडी झालीये. निचरा नसताना पाणी दिलं की वर मीठ फुटतं ती क्षारपड, सोडियम वाढून माती चिकट-टणक होते ती चोपण, आणि सेंद्रिय कर्ब (शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत राहणारा कार्बन) घटून मातीचा रवाळपणा जातो ती तिसरीच भानगड. खतांचा आणि धुपीचा विषय निघाला की बोलायचं ते मुख्यतः या तिसरीबद्दल.

एक वाळलेलं ढेकूळ ग्लासभर पाण्यात अलगद सोडून बघा. बांधावरच्या गवताखालचं सहसा बराच वेळ टिकतं, ज्या रानात वर्षानुवर्षं शेणखत पडलेलंच नाही तिथलं लगेच फसकतं आणि पाणी गढूळ. पावसाचा थेंब रानात हेच करतो, कण सुटतात, छिद्रं बुजतात, पापडी धरते, मग पाणी मुरायचं सोडून ओघळीनं पळतं आणि वरचा सुपीक थर घेऊन जातं.

1970 नंतर देशात ठिकठिकाणी एकाच प्लॉटवर वर्षानुवर्षं तीच खतं देऊन प्रयोग झाले. रांचीसारख्या आम्लधर्मी लाल मातीत नुसतं नत्र (नायट्रोजन) दिलं तिथं सामू (pH) घसरला, म्हणजे आम्लता वाढली, आणि पीक कोसळलं, पण नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) यांच्या जोडीला शेणखत दिलं तिथं कर्ब टिकला, बऱ्याच ठिकाणी वाढला. म्हणजे खत हा एकटा गुन्हेगार नाही. पीक दाट आलं तर मुळं वाढतात, जमीन झाकली जाते, धूप उलट कमीच होते.

खरा घोळ माझ्या मते ऑगस्ट 1992 चा. स्फुरद आणि पालाशवरचं किंमत नियंत्रण उठवलं, भाव भडकले, आणि नत्राचं खत युरिया मात्र नियंत्रणात ठेवून वर 10 टक्के स्वस्त केला! तिजोरीवर ताण होता हे मान्य, नंतर त्या दोन खतांना थोडी सवलतही दिली, पण शेतकऱ्यानं काय करावं, जे परवडतं तेच टाकणार ना. देशातलं नत्र:स्फुरद:पालाश प्रमाण 1991-92 मध्ये 5.9:2.4:1 होतं, ते एका वर्षात 9.5:3.2:1 झालं. आणि याच काळात ट्रॅक्टर आले, दावणीची जनावरं कमी झाली, उकिरडे आटले, उसाचं पाचट पेटवायची सवय लागली, म्हणजे एकीकडं नत्र वाढलं आणि दुसरीकडं मातीला बांधून ठेवणारा डिंकच, म्हणजे सेंद्रिय कर्ब, गेला.

2010 ला पोषणद्रव्यावर आधारित अनुदान (खतात नत्र-स्फुरद-पालाश किती त्यावर ठरणारं) आलं, तेव्हा ही चूक दुरुस्त होईल असं वाटलेलं, पण युरिया पुन्हा बाहेरच. 2015 ला युरियाला निमकोटिंग (कडुनिंबाच्या तेलाचा लेप) सक्तीचं झालं, मृदा आरोग्य पत्रिका आल्या, 2018 ला युरियाची गोणी 50 ची 45 किलो झाली. भाव मात्र युरियाच्या गोणीला 266 रुपये 50 पैसे आणि डीएपीच्या (स्फुरद जास्त असलेलं खत) 50 किलोला 1350, आणि दुकानात उभं राहून निवड करायची ती या दोन आकड्यांमध्येच.