मिनिएचरवरील झटपट शेडिंग

टेबलटॉप खेळांतल्या छोट्या मूर्तींवर, म्हणजे मिनिएचरवर, प्रत्येक सावली वेगळी न रंगवता पातळ व पारदर्शक रंग खाचांत उतरवून सावल्या एकाच हातात आणण्याच्या पद्धती. वॉश, डिप, काँट्रास्ट रंग आणि ड्रायब्रशवर (जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेल्या रंगावर) चढवलेले पारदर्शक रंग हे त्यांचे मुख्य प्रकार.

28 मिमी मापाचा सैनिक उंचीला अंगठ्याच्या एका पेराएवढा असतो. खोलीतला उजेड त्याच्या झग्याच्या घडीत किंवा पट्ट्याखाली पुरेशी सावली पाडत नाही, त्यामुळे नुसता सपाट रंग दिलेली मूर्ती हातभर अंतरावरून ठोकळ्यासारखी दिसते. सावली रंगवूनच दाखवावी लागते. एकाच मूर्तीवर थरावर थर चढवत आठवडा घालवता येतो. पण वॉरहॅमरसारख्या युद्धखेळात सैन्य पन्नास-शंभर मूर्तींचे असते आणि तिथे हा हिशेब बसत नाही.

वॉश : खूप पातळ केलेला गडद रंग मूर्तीवर पसरायचा, ही सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत उपयोगी पद्धत. सिटाडेल या मिनिएचर-रंगांच्या ब्रँडच्या शेड (तयार वॉश) रंगांपैकी काळा नल्न ऑइल, तपकिरी अॅग्रॅक्स अर्थशेड आणि त्वचेसाठीचा राइकलँड फ्लेशशेड या बाटल्या बहुतेक टेबलांवर असतातच. घरी करायचा तर एक थेंब अॅक्रिलिक रंगाला आठ ते दहा थेंब पातळ द्रव घ्यावा. त्यात निम्मे पाणी व निम्मे मॅट मीडियम (चमक न आणणारा, रंगकण नसलेला अॅक्रिलिक द्रव) हवे. नुसत्या पाण्याने रंगातला बंधक, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा घटक, विरळ होतो आणि वाळल्यावर रंग खडूसारखा पांढुरका बसतो.

बेसकोट, म्हणजे खालचा सपाट मूळ रंग, किमान अर्धा तास वाळू द्यावा. एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश वॉशमध्ये बुडवून टिश्यूला एकदा टेकवावा आणि वरून खाली, एका वेळी एकच भाग घ्यावा : आधी झगा, मग बाही, मग पिशवी. ओला वॉश झग्यावर पसरला की पृष्ठताणामुळे उंचवट्यांवरून ओसरून घडीच्या तळाशी जमतो. पाणी उडते, रंगकण तिथेच राहतात. पहिल्या मिनिटाभरात मूर्ती फिरवून पाहावी. गुडघ्यामागे, काखेत, झग्याच्या खालच्या काठाशी फुगलेला थेंब दिसला, तर स्वच्छ, दमट ब्रशच्या टोकाने तो टिपून घ्यावा. त्यानंतर वीस-तीस मिनिटे, पावसाळ्यात तासभर, हात लावू नये.

बिघडते ते बहुधा याच वेळात. अर्धवट वाळलेल्या वॉशवर ब्रश फिरवला की मऊ पडलेला थर फाटतो व खालचा रंग उघडा पडतो. सपाट जागी साचलेला वॉश कडेकडून आधी वाळतो, आतले पाणी रंगकण कडेला ओढून नेते आणि सांडलेल्या चहासारखे वर्तुळ उमटते. बाटली नीट न हलवणे हे तिसरे कारण : चमक मारणारी पूड तळाशी बसते, मग वरचा द्रव चकचकीत वाळतो आणि बाटली संपत येताना पांढुरके डाग पडू लागतात.

वॉशमुळे सगळाच रंग एक पायरी गडद होतो, म्हणून बेसकोट हव्या त्या छटेपेक्षा उजळ घ्यावा; वॉश वाळल्यावर तोच बेसकोट उंचवट्यांवर परत लावला की अर्धे काम झाले. छटा निवडतानाही सर्वत्र काळा ओतू नये. पोलाद व साखळी-चिलखताला काळा चालतो. कातडी, लाकूड, हाड, सोने यांना तपकिरी लागतो. पिवळ्यावर काळा वॉश शेवाळी दिसतो, तिथे नारिंगी-तपकिरी हवा. पांढऱ्यावर पातळ निळसर करडा. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या प्लास्टरच्या मावळ्यांवरही हीच युक्ती चालते, मात्र प्लास्टर वॉश शोषून घेते, म्हणून आधी प्रायमर, म्हणजे रंग धरण्यासाठीचा पहिला थर, हवाच.

डिप : तपकिरी छटेचे पॉलियुरेथेन वार्निश. डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीच्या क्विकशेडमध्ये सॉफ्ट, स्ट्राँग आणि डार्क अशा तीन छटा मिळतात. नाव डिप असले तरी मूर्ती डब्यात बुडवून झटकण्यापेक्षा ब्रशने लावणे बरे. झटकलेले थेंब भिंतीवरून निघत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी साचलेले टिपावे, निदान 24 तास वाळवावे, ब्रश टर्पेंटाइनने धुवावा. थर कडक व चकचकीत होतो, त्यामुळे खेळताना हाताळणी सोसतो. चमक मॅट वार्निशने घालवावी लागते. सांगाड्यांच्या सैन्याला ही पद्धत शोभते, पांढऱ्या गणवेशाला नाही.

काँट्रास्ट रंग : सिटाडेलने 2019 मध्ये आणलेल्या या रंगांत बेसकोट आणि सावली एकाच हातात होते. खाली उजळ अस्तर लागते, उबदार रंगांना हाडासारखे, थंड रंगांना फिकट करडे. रंग दाट लावावा पण साचू देऊ नये आणि शेजारचा भाग वाळल्याशिवाय दुसरा रंग घेऊ नये. झालेली चूक वरून परत रंग लावून झाकली जात नाही, कारण रंग पारदर्शक असतो. आधी अस्तराच्या रंगाने तेवढी जागा बुजवावी लागते.

याच रंगांवर स्लॅपचॉप ही पद्धत उभी आहे. काळा प्रायमर, त्यावर मध्यम करड्याचा ड्रायब्रश, मग फक्त वरून येणाऱ्या उजेडाच्या बाजूला पांढऱ्याचा, आणि शेवटी पारदर्शक रंग. ब्रश पुठ्ठ्यावर पुसून जवळपास कोरडा झाला पाहिजे, नाहीतर रेघोट्या उठतात. लाल, हिरवा, तपकिरी उत्तम बसतात. पिवळा मात्र करड्यावर मळकट होतो, त्या भागाला आधी पांढरा भरून द्यावा.

रणगाडे व मोठ्या सपाट चिलखतांवर वरचे सगळेच प्रकार डाग पाडतात. तिथे आधी चकचकीत अॅक्रिलिक वार्निश लावून ते पूर्ण वाळू द्यावे, मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग व्हाइट स्पिरिट या टर्पेंटाइनसारख्या द्रवात पातळ करून फक्त सांध्याला ब्रशचे टोक टेकवावे. रंग फटीतून आपोआप पुढे धावतो. बाहेर गेलेला अर्ध्या तासाने, स्पिरिटने किंचित ओलावलेल्या कापसाच्या काडीने पुसता येतो, ही सवलत अॅक्रिलिक देत नाही.

शेवटचे मॅट वार्निश स्प्रेने मारायचे असेल तर दमट हवेत मारू नये. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ते धुरकट पांढरे वाळण्याचा धोका असतो आणि सगळी शेडिंग त्याखाली जाते; तसे झाल्यास ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ हात दिला की धुरकटपणा बऱ्याचदा उतरतो. त्या दिवसांत ब्रशचेच मॅट वार्निश वापरावे.