फुल बॉडी की स्प्लिट: वादामागचा इतिहास

दरवेळी सगळ्या शरीराचा व्यायाम करायचा (फुल बॉडी), की एकेका दिवशी एकेक भाग वाटून घ्यायचा (स्प्लिट), हा प्रश्न कोल्हापूरच्या तालमींना कधी पडलाच नाही. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ मध्ये बांधून झालं तेव्हाही आणि आजही, पैलवानाच्या मेहनतीत छातीचा वार, पाठीचा वार असं काही नसतं. जोर, बैठका, दोर, हौदा (आखाड्याची माती) खणणं आणि मग लढत. वजन स्वतःच्या अंगाचं, म्हणून रोज झेपतं.

लोखंड उचलणाऱ्यांची पाश्चात्य देशांतली जुनी रीतही फार वेगळी नव्हती. आठवड्यातून तीन दिवस, दरवेळी सगळं शरीर. दुसऱ्या महायुद्धानंतर शरीरसौष्ठव हा वेटलिफ्टिंगपासून सुटा खेळ होत गेला, एकेका स्नायूसाठी चार-चार व्यायाम आले, ते एका दिवसात मावेनात आणि शरीराची वाटणी झाली. १९५८ मध्ये अमेरिकेत स्नायू वाढवणारं एक स्टेरॉइड गोळीच्या रूपात बाजारात आलं. पुढच्या दशकांत विजेत्यांची सहा-सहा दिवसांची वेळापत्रकं मासिकांत छापून यायची. गोळ्यांचा उल्लेख मात्र त्यात नसायचा.

आपल्याकडे जिम आली ती या वाटणीचं शेवटचं टोक घेऊन. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, असं करत शनिवारी लेग. याला ‘सिंगल मसल’ म्हणतात. दोन स्नायू एका दिवशी घेतले की ‘डबल मसल’. शिकवणारे बरेचसे स्पर्धेतून आलेले, त्यामुळे स्पर्धेची तयारी हाच सगळ्यांचा व्यायाम ठरला. महिन्याची फी भरून येणारा दुकानदारही त्याच तक्त्यावर.

खरा गुंता झाला तो अलीकडच्या संशोधनाने. २०१६ मध्ये दहा अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा होता, की स्नायूला आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा काम दिलं तर वाढ जास्त होते. फुल बॉडीवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. २०१९ मध्ये, त्यातल्याच काही संशोधकांनी पंचवीस अभ्यास तपासले, आणि आठवड्याचे एकूण सेट (एका दमात केलेल्या फेऱ्या) समान असतील तर कितीदा केलं याने विशेष फरक पडत नाही असं दिसलं. मग स्प्लिटवाले खूश. तेव्हापासून दोन्ही बाजू आपापलं साल दाखवत भांडतायत.

पण ‘सेट समान असतील तर’ ही अट जिमच्या फरशीवर टिकते का, हे बघायला हवं. सोमवारी संध्याकाळी सगळ्यांचाच चेस्ट असतो. बेंचसमोर रांग लागते. बारा सेट लिहिलेले असले तरी आठव्या-नवव्यापासून दंड गळतात, वजन उतरवावं लागतं आणि शेवटचे दोन मोबाइल बघत उरकले जातात. तेच बारा सेट चार-चार करून तीन दिवसांत टाकले तर प्रत्येक सेटला ताकद शिल्लक असते.

दुसरी गोष्ट हजेरीची. जोतिबाची यात्रा, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी, घरचं लग्न, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची मॅच. सहापैकी चार दिवस आला तरी माणूस नियमित समजायचा. सिंगल मसलमध्ये एक दिवस चुकला की तो स्नायू थेट पुढच्या आठवड्यावर जातो, आणि चुकणारा दिवस बहुतेकदा शनिवारचाच, म्हणजे पायांचा. फुल बॉडीत तीनपैकी एक दिवस बुडला तरी प्रत्येक स्नायूला दोनदा काम मिळालेलं असतं. हे कुठल्या अभ्यासात मोजायची गरज नाही, जिममधल्या पाठमोऱ्या पोरांचे पाय बघितले तरी कळतं.

स्प्लिटच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. वर्षानुवर्षं करणाऱ्याला स्नायूमागे आठवड्याला पंधरा-वीस सेट लागतात, ते फुल बॉडीत बसवायचे तर दोन तास पुरत नाहीत. त्यांच्यासाठी चार दिवसांचा अप्पर-लोअर बरा, म्हणजे दोन दिवस कमरेवरचं अंग, दोन दिवस खालचं.

अलीकडे वादात पोलीस भरतीची पोरं आलीत. त्यांना सोळाशे मीटर धावायचं असतं, गोळाही फेकायचा असतो. लेग डेला पंधरा-सोळा सेट मारले की पुढचे दोन दिवस त्यांच्याकडून पळणं होत नाही. म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांनी स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) तीन दिवसांत विभागून घेतलाय, तक्त्यावर काहीही लिहिलेलं असो.