औषध सोडणाऱ्या कॅथेटरचा उत्पादन परवाना: अर्ज कुठे करायचा, कागदपत्रे कोणती

साधा फोली कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घालायची, टोकाला फुगा असलेली सिलिकॉनची नळी) धोक्यानुसार ठरणाऱ्या ए ते डी वर्गांपैकी बी वर्गात मोडतो आणि महाराष्ट्रातल्या कारखान्याला त्याचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. त्याच सिलिकॉनवर क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) किंवा रिफाम्पिसिनचा (प्रतिजैविक) थर दिला, की औषध उपकरणाचाच भाग होते. मग वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ च्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे ते डी वर्गात जाते आणि अर्ज केंद्राकडे, म्हणजे सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना) ऑनलाइन करावा लागतो. जुन्या परवान्यावर हे उत्पादन काढता येत नाही.

आधी एमडी-१२ हा अर्जाचा नमुना भरून एमडी-१३ हा चाचणी परवाना घ्या. चाचणीच्या बॅचसुद्धा त्याशिवाय काढायच्या नाहीत. तेच औषध आणि तोच वापर असलेले उपकरण भारतात आधी मंजूर असेल, तर त्याच्याशी तुलना मांडून एमडी-७ भरता येतो. नसेल तर रुग्णांवरील चाचणीसाठी एमडी-२२, तिचे निष्कर्ष जोडून एमडी-२६ आणि त्यानंतर एमडी-७. परवाना एमडी-९ मध्ये मिळतो. शुल्क एका जागेसाठी ५०,००० रुपये आणि प्रत्येक उपकरणामागे १,००० रुपये. पुढे दर पाच वर्षांनी परवाना चालू ठेवण्याचे शुल्क.

सोबत संस्थेची नोंदणी, जागेचा मालकी किंवा भाडेकरार, तांत्रिक कर्मचाऱ्यांची पात्रता (पदवी व दोन वर्षांचा किंवा पदविका व चार वर्षांचा अनुभव), पाचव्या अनुसूचीप्रमाणे गुणवत्ता व्यवस्थेचे हमीपत्र, प्लांट मास्टर फाइल (कारखान्याची माहिती) आणि डिव्हाइस मास्टर फाइल (उपकरणाची तांत्रिक माहिती).

खरी कसोटी या शेवटच्या फाइलची. दर चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोग्रॅम औषध आहे आणि कोणत्या दिवशी किती सुटते, हे आकडे निर्जंतुकीकरण झालेल्या तयार मालाचेच हवेत. इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करण्याच्या प्रक्रियेतली उष्णता आणि ओलावा थरातल्या औषधावर परिणाम करू शकतात. आधीच्या नमुन्याचे आकडे म्हणूनच उपयोगाचे नाहीत. पहिल्याच दिवशी बहुतेक औषध सुटून गेले, तर संसर्गापासून चौदा दिवसांच्या संरक्षणाचा दावा टिकत नाही. २४ तासांची, आगर प्लेटवरची (जिवाणू वाढवायची बशी) एकच चाचणी जोडून तो सिद्धही होत नाही. कृत्रिम मूत्रात, दाव्याइतके दिवस, ई. कोलायसोबत इतर जिवाणूंवरही तपासा. फुगा फुगवल्यावर थराला तडे जातात का, तेही पाहा. आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या जैवसुसंगती (शरीराला अपाय होत नाही ना, हे पाहणाऱ्या) चाचण्याही औषधासकट कॅथेटरवरच करायच्या.

लेबलवर औषधाचे नाव ठळक छापा. क्लोरहेक्सिडिनची तीव्र अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, आणि कॅथेटर घालणाऱ्या परिचारिकेला तो इशारा पाकीट फोडण्याआधी दिसायला हवा.