स्वयंचलित रिकव्हरी असली की बॅकअप नको? खुलासा

डिझास्टर रिकव्हरी सॉफ्टवेअर (सर्व्हर बंद पडला की काम आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर नेणारं) बसवलं की बॅकअप नको, हा समज जुना आणि चुकीचा आहे. त्यातलं रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची सतत नक्कल, प्रत्येक बदल काही सेकंदांत दुसऱ्या सर्व्हरवर नेतं. डेटाबेसमधलं टेबल चुकून पुसलं, तर ते पुसणंही. सर्व्हर जळाला तर या सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात, डेटाच बिघडला तर नाही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने (९.२ आणि ९.६) नेहमीचा बॅकअप बनतच नव्हता, आणि बिघाडाचे ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. तारलं ते सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीने.

म्हणून खर्च मांडताना लायसन्स आणि दुसऱ्या सर्व्हरच्या भाड्यासोबत वेगळ्या पासवर्डखालचा बॅकअप धरा, आणि दर तिमाहीला तो रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून (डेटा परत आणून), घड्याळ लावून पाहण्याचे तासही.