छपरावरचे टायर

अमेरिकेतल्या लहान गावांच्या कडेनं जाताना अधूनमधून एक लांबट, ठेंगणं घर दिसतं. वर पत्र्याचं छप्पर आणि त्यावर ओळीनं मांडलेले जुने टायर. मराठी माणसाला यात नवल वाटत नाही. पत्रा उडू नये म्हणून वर टायर, दगड, विटा ठेवणं आपल्याकडं नेहमीचंच. पण तिथला टायर बहुतेक वेळा दुसऱ्याच कामावर असतो. तो छपराची धडधड थांबवायला ठेवलेला असतो.

ही घरं कारखान्यात बनतात, चाकांच्या सांगाड्यावरून जागेवर आणतात आणि तिथं टेकवतात. पूर्वी त्यांना ‘मोबाइल होम’ म्हणत. १५ जून १९७६ पासून त्यांच्या बांधणीला देशभर लागू असलेले नियम आले, आणि त्यानंतरच्या घरांना ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ हे नाव मिळालं. त्याआधीच्या आणि त्या सुमाराच्या कित्येक घरांत अजून माणसं राहतात. छप्पर गळायला लागलं की पुढचा विचार ठरलेला असतो: वरून नवा पत्रा मारून टाकू.

पत्रा मारण्याआधी जुनं छप्पर कसं आहे ते बघू. लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या, स्टेपल आणि गोंदानं जोडलेल्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे आडवे सांगाडे, आणि त्यांच्यावर थेट पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा. मधे फळ्या नाहीत, प्लायवुड नाही. पत्र्याचे तुकडे एकमेकांत दुमडून घराएवढी एकच चादर केलेली, आणि ती ठोकलेली फक्त कडांना. मधल्या कैच्यांवर ती नुसती टेकलेली असते.

पोलाद तापलं की दर अंशाला मीटरमागं साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ऐकायला क्षुल्लक. पण ६० फुटी घर म्हणजे १८ मीटर. पहाटेचा गार पत्रा आणि दुपारचा तापलेला पत्रा यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटरची वाढ. कडा बांधलेल्या, तेव्हा ही वाढ जाणार कुठं? पत्रा जागोजागी फुगतो. मग वारा सुटतो, फुगलेला भाग उचलला जातो, कैचीवर आपटतो, पुन्हा उचलला जातो. घराचा ढोल होतो. टायर या फुगवट्यावर बसतो आणि रात्रीची झोप वाचवतो.

वादळात मात्र तो कामाचा नाही. छपरावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. घरातला दाब खालून ढकलतो, त्यामुळं छप्पर वर ओढलं जातं. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे जवळजवळ सव्वाशे किलो. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. त्या मानानं नवा पत्रा चौरस मीटरला जेमतेम तीन किलो भरतो, आणि टायर असेल आठ-दहा किलोंचा. त्यामुळं ‘जुन्या घराला पत्र्याचं वजन झेपेल का?’ हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. खरा प्रश्न आहे पत्रा खाली धरून ठेवायचा कशानं.

धरायचं कैचीलाच. जुन्या पत्र्यावर आडव्या लाकडी रिपा टाकतात. त्यांचे लांब स्क्रू जुन्या पत्र्यातून आरपार जाऊन कैचीतच रुतले पाहिजेत. कैचीची वरची पट्टी दीड इंच रुंद, कधी त्याहूनही कमी. ती झाकलेली, म्हणून तिची जागा कडेच्या खिळ्यांवरून मोजून, दोरी मारून आखावी लागते. नेम चुकला तर स्क्रू पोकळीत लोंबकळतो. वरून सगळं ठीक दिसतं, धरलेलं काहीच नसतं. चालायचंही कैच्यांच्या ओळीवरूनच, फळी टाकून.

एवढं करूनही कैची भिंतीला चार स्टेपलनीच धरलेली असेल, तर वादळात नवा पत्रा जुन्या कैच्यांसकट जातो. घट्ट केलेलं छप्पर ओढ खालच्या सांध्यावर ढकलतं, आणि शेवटी घर जमिनीला बांधणाऱ्या पट्ट्यांवर. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानं दक्षिण फ्लोरिडात अशा घरांच्या वस्त्या भुईसपाट केल्या. त्यानंतर १९९४ मध्ये नियम बदलले आणि वादळी किनाऱ्यावरच्या नव्या घरांना जास्त मजबुती सक्तीची झाली. जुन्या घरांना अर्थातच त्याचा काही फायदा नाही.

आता स्क्रूकडं वळू. त्याच्या डोक्याखाली एक रबरी वायसर असतो. सैल राहिला तर पाणी आत, जास्त आवळला तर रबर बाहेर पिळून निघतं आणि दोन-चार उन्हाळ्यांत तडकतं. बरोबर बसलेल्या स्क्रूचं रबर कडेनं केसभर फुगलेलं दिसतं, तिथंच मशीन थांबवायची. आपल्याकडं नळीच्या पत्र्याचे हूक उंचवट्यावर मारतात, कारण पाणी खोलगटातून वाहतं. अमेरिकेत उंच शिरांचा पत्रा असेल तर स्क्रू बहुधा सपाट भागात मारतात. तिथं पत्रा लाकडाला चिकटून बसतो, त्यामुळं स्क्रू डुलत नाही आणि रबर नीट दाबलं जातं. दोन्ही रीती आपापल्या पत्र्याला बरोबर आहेत.

उतार हा या घरांचा कमकुवत मुद्दा. सांध्यात चिकटपट्टी न लावलेला साधा पत्रा टाकायचा तर १२ फुटांना निदान ३ फूट उतार हवा, असं तिथला बांधकाम नियम सांगतो. या घरांचं छप्पर त्यापेक्षा खूपच चपटं असतं. मग एकतर प्रत्येक सांध्यात ब्यूटिलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी, नाहीतर वर उताराचा नवा सांगाडा.

पाऊस अडला तरी पाणी संपत नाही. पुण्या-नाशिककडं थंडीत पहाटे गोठ्यात उभं राहिलं तर आभाळ निरभ्र असूनही पत्र्याखालून थेंब पडतात. रात्री पत्रा आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडं सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. २० अंशांची हवा घनमीटरमागं सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावू शकते, शून्य अंशाची फक्त ५ ग्रॅम. उरलेलं बाष्प पत्र्याच्या पोटाशी पाणी होऊन लटकतं. अमेरिकी हिवाळ्यात हेच बंद घरात घडतं. स्वयंपाक, आंघोळ, श्वास यांतून रोज काही लिटर पाणी हवेत जातं आणि दिव्यांच्या भोकांतून छताच्या पोकळीत शिरतं. ‘नवा पत्रा टाकला तरी गळतंय’ या तक्रारीत कितीदा तरी पाऊस निर्दोष असतो.

म्हणून जुना पत्रा काढत नाहीत ते एका परीनं बरं. नव्याखाली तो झाकला की त्याला उघडं आकाश दिसत नाही, आणि तो पूर्वीइतका गार पडत नाही. रिपांच्या मधे फोमच्या पाट्या घट्ट बसवल्या तर तो आणखी उबदार राहतो. फोम नसेल, तर नव्या पत्र्याखाली जमलेले थेंब जुन्यावर पडून कडेनं निघून जातात, अर्थात कड सिमेंट फासल्यासारखी बंद केली नसेल तर. उन्हाळ्यात वरचा पत्रा खालच्यावर सावली धरतो. पण घरातली भोकं आतून बुजवल्याशिवाय आणि न्हाणीघराचा पंखा पोकळीत न सोडता थेट बाहेर काढल्याशिवाय यातलं काहीच पुरं पडत नाही. माझ्या मते पहिला खर्च तिथंच करावा.

रिपांचं लाकूड वाळवीला औषध लावलेलं असेल तर तेही तपासावं. त्या औषधांत बहुधा तांबं असतं. तांबं, ओल आणि पत्र्यावरचा जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा एकत्र आले की मुलामा झिजतो, म्हणून मधे पट्टी चिकटवतात.

काम संपल्यावर छपरावर बारीक चमकता कीस उरतो, भोकं पाडताना निघालेला. तो संध्याकाळीच मऊ झाडूनं काढायचा. उघड्या पोलादाचा हा कीस पहिल्याच दवात गंजतो, आणि नव्याकोऱ्या पत्र्यावर तांबूस ठिपके उमटतात.